‘ब्रेक’ला मराठीत काय म्हणायचं? मोडणे, तुटणे, फुटणे

अधोरेखा
एका मलमाच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय आणि दोन दिवस एकाच वाक्यावर अडलेय. मूळ सूचना अशी की त्वचा ‘ब्रोकन’ असेल तिथे मलम लावू नये. मी ‘जखम असलेल्या त्वचेवर’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी परत पाठवलं. नुसता ओरखडा किंवा भेग असलेला माणूस म्हणेल, मला कुठे जखम आहे, आणि खुशाल मलम लावेल. हे मला पटलं. पण त्यांनी सुचवलं ‘तुटलेल्या त्वचेवर’! वर म्हणे, हाड, गोळी, त्वचा सगळीकडे ‘तुटणे’च ठेवा, एकवाक्यता राहील. तुम्ही काय लिहाल?

जुनी वही
त्वचा तुटत नाही हो. ती खरचटते, सोलवटते, चिरते, भेगाळते, ओठ असतील तर उलतात. हे सगळं पोटात घेणारा एक शब्द आपल्याकडे नाही. आणि हाडाला ‘तुटणे’ तर मुळीच नको. आमच्याच घरातलं सांगते. काका जिन्यावरून पडले. चुलतभावाने आत्याला फोन केला, “काकांचा पाय तुटला.” आत्या मटकन खाली बसली, पुढचं तिला ऐकूच गेलं नाही. रुग्णालयात पोचेपर्यंत ती पाय गेला असंच धरून चालली होती. खोलीत शिरली तर काका प्लास्टरमधून बाहेर आलेला अंगठा हलवून दाखवतायत. पाय मोडला होता. तुटला नव्हता. त्या तासाभरात तिने जे सोसलं ते एका क्रियापदापायी.

खडूफळा
अगदी खरं. तुटलं की दोन भाग एकमेकांपासून सुटतात: दोरी, माळ, तार, नातं, फोनवरचं बोलणं. मोडलं की वस्तू असते तिथेच असते, पण आकार किंवा काम जातं: खुर्ची, काठी, हाड, ठरलेलं लग्न, नियम. आणि फुटतं तेव्हा आतलं बाहेर येतं: मडकं, धरण, घाम, पालवी, कंठ, बातमी, परीक्षेचा पेपर. पहाटेचं ‘तांबडं फुटलं’ घ्या. इंग्रजीतही पहाटेला ‘ब्रेक’च लावतात, पण आपल्या शब्दात रात्रीच्या आतून उजेड फुटताना दिसतो.

चालता बोलता
खिडकीच्या काचेच्या आत काय असतं? ती का फुटते मग? आणि पेन्सिलीचं टोक मोडतं की तुटतं? मी दोन्ही ऐकलंय. माझी मुलगी सरसकट ‘काच तुटली’ म्हणते, तिच्या वर्गातली सगळी मुलं म्हणतात, कुणाचं काही अडत नाही. बोलणाऱ्यांनी दोन शब्दांचा एक केला तर तो त्यांचा हक्क आहे.

खडूफळा
अडत नाही कसं? वरची आत्या विसरलात का? ‘काच तुटली’ हे हिंदीच्या ‘टूटना’वरून आलंय. हिंदीत काचही टूटते, हड्डीही टूटते, रस्सीही टूटते. त्यांच्याकडे ते बरोबरच आहे. आपल्याकडे वेगवेगळे शब्द हाताशी असताना ते घालवायचे कशाला?

चालता बोलता
घालवतंय कोण? ‘नियम तुटला’ कुणीच म्हणत नाही. जिथे गरज आहे तिथे फरक आपोआप टिकतो. पेन्सिलीच्या टोकाचं उत्तर राहिलंच.

पोटफोड्या ष
व्युत्पत्तीचं थोडं. तुटणे हे संस्कृत ‘त्रुट्’वरून, प्राकृत ‘तुट्टइ’ होऊन आलं. फुटणे ‘स्फुट्’वरून, ‘फुट्टइ’ होऊन. दोघांच्या प्रयोजक जोड्या ठरलेल्या: तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, तशाच सुटणे-सोडणे, फाटणे-फाडणे. मोडणे एकटंच वेगळं. ‘काठी मोडली’ आणि ‘त्याने काठी मोडली’, रूप एकच. इंग्रजी ‘ब्रेक’ नेमकं असंच चालतं. म्हणून हाडासाठी मला ‘मोडणे’ अर्थाने आणि व्याकरणानेही सर्वांत जवळचं वाटतं. शिवाय ‘मोडणे’ मुळात वाकवणे, पिळणे असावं असं माझं मत आहे. हिंदीत ‘मोड़ना’ म्हणजे वळवणे. आपण बोटं मोडतो तेव्हा बोटं वाकवतोच. पण ‘बोट मोडलं’ म्हणा, लगेच प्लास्टर! ताप यायच्या आधी अंग मोडून येतं, त्यातही तो पीळ आहे.

जुनी वही
मग ‘मोडेन पण वाकणार नाही’चं काय करायचं? तिथे दोन्ही एकमेकांसमोर उभे आहेत.

पोटफोड्या ष
म्हण नंतरची असू शकते. अर्थ बदलून गेल्यावरच ती शक्य झाली.

काना मात्रा
‘भंग’ आणि ‘ब्रेक’ एकच ना? भंगणे, ब्रेक, ऐकायलाही सारखे.

पोटफोड्या ष
नाही. ‘ब्रेक’चे सख्खे म्हणजे जर्मन ‘ब्रेखेन’ आणि लॅटिन ‘फ्रांगेरे’. त्या लॅटिनवरूनच ‘फ्रॅक्चर’ आलं. त्या सगळ्यांत ‘र’ आहे. ‘भंग’ ज्यावरून आला त्या संस्कृत ‘भञ्ज्’मध्ये तो नाही, त्याचा धातू वेगळा धरतात.

काना मात्रा
मराठीत आलेला ‘ब्रेक’ही एक नाही. ‘कामाला ब्रेक लागला’ म्हणजे काम थांबलं, तो गाडीचा ब्रेक, इंग्रजीत त्याचं स्पेलिंग निराळं. ‘नटाला ब्रेक मिळाला’ म्हणजे त्याचं नशीब उघडलं. ‘ब्रेक घेतला’ म्हणजे विसावा. देवनागरीत सगळे सारखेच दिसतात. लागला, मिळाला, घेतला यावरूनच अर्थ कळतो. ही करामत मराठी क्रियापदांची आहे, याचा मला फार आनंद होतो.

दीर्घ वेलांटी
हा प्रश्न फक्त आपला नाही. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेच्या अभ्यासकांनी कापण्या-मोडण्याच्या क्रियांच्या चित्रफिती वेगवेगळ्या भाषकांना दाखवून हे काय चाललंय ते सांगायला लावलं होतं. २८ भाषा घेतल्या, निष्कर्ष २००७ साली आले. प्रत्येक भाषा सीमारेषा आपापल्या जागी आखते असंच दिसलं. तेव्हा एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द, ही एकवाक्यता मुळातच चुकीची मागणी आहे. अधोरेखा, तपासणाऱ्यांना हे कळवा.

चालता बोलता
सीमा सरकतात हेही त्यात आलंच की. आज आखलेली उद्या तिथेच असेल असं नाही.

अधोरेखा
हाडाला ‘मोडणे’ मान्य झालं, आत्याचीच गोष्ट कळवली. गोळीला ‘तोडू नये’ ठेवलं. त्वचा मात्र लोंबकळतेच आहे. आता लिहिलंय, ‘त्वचा अखंड नसेल तिथे, म्हणजे खरचटलेल्या, चिरलेल्या, सोललेल्या किंवा भेगाळलेल्या जागी, लावू नये.’ पत्रकात एवढी जागा नाही. शिवाय फोड आलाय पण फुटलेला नाही, तिथे त्वचा अखंड म्हणायची का?

जुनी वही
फोड हा शब्दच फुटण्यातून आलेला दिसतो, म्हणजे न फुटलेल्यालाही आपण आधीच...

पोटफोड्या ष
‘स्फोट’वरून, हो. पण थांबा, वाकण्याचं राहिलं. ‘मुरडणे’ बघा, नाक मुरडणे, मुरड घालणे...