लहानपणी बलून केलेल्या झडपेला आता लीक निघालंय, अनुभव हवेत

नमस्कार मंडळी,

मुलगी १६ वर्षांची. चौदा महिन्यांची असताना टू-डी इकोत पल्मनरी स्टेनोसिस निघालं. फुफ्फुसाकडे रक्त जातं तिथल्या झडपेच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. (नातेवाइकांनी 'हृदयाला भोक' म्हणून गाव गोळा केला. भोक नव्हतं हो!) ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) ७८ होता. मांडीच्या शिरेतून नळी घालून फुगा फुगवला, ग्रेडियंट २० वर आला आणि तिसऱ्या दिवशी घरी. पुढे दरवर्षी इको होत होता, कोविडमध्ये चुकला तो चुकलाच.

गेल्या महिन्यात कबड्डीसाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं म्हणून केला. ग्रेडियंट १६. पण खाली 'मॉडरेट पीआर, उजवा कप्पा किंचित मोठा'. पीआर म्हणजे त्याच झडपेतून रक्त मागे गळणं. डॉक्टर तिच्या छातीवरची जेल पुसायला कागद देता देता म्हणाले, "पुढेमागे झडप बदलावी लागेल." आणि पुढच्या पेशंटला हाक. तिला त्रास काहीच नाही, दोन जिने धावत चढते. कबड्डी मी बंद केली, तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही.

अरुंदपणा गेला तर हे लीक कुठून आलं? बलूनला पंधरा-वीस वर्षं झालेलं कुणी आहे का इथे?

---

प्रतिसाद: मी आहे. १९९६ साली पाच वर्षांचा असताना बलून झालं. चिकटलेल्या पाकळ्या फुगा फाडूनच उघडतो, त्यामुळे थोडंफार लीक बहुतेकांना राहतं. झडप पुन्हा अरुंद होणं मात्र कमी. नेटवर वाचताना एऑर्टिक (शरीराकडे रक्त जातं तिथल्या) झडपेचे आकडे वाचून घाबरू नका, तिथे पुढे ऑपरेशन लागण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं.

माझंही लीक मॉडरेटच आहे, कित्येक वर्षं. बघायचं असतं ते उजवा कप्पा किती फुगतोय, आणि ते नुसत्या इकोत नीट मोजता येत नाही. कार्डियाक एमआरआय आणि ट्रेडमिल करून घ्या, तेही जन्मजात हृदयविकार बघणाऱ्या कार्डिओलॉजिस्टकडे. कबड्डीचं त्यांनाच विचारा, घरच्या घरी बंदी नको. बदलायची वेळ आलीच तरी दरवेळी छाती उघडावी लागते असं नाही. २००० साली पॅरिसमध्ये बॉनहॉफर यांनी नळीतून झडप बसवली, आता आपल्याकडेही बसवतात. सगळ्यांच्या मापात बसत नाही, एवढंच.

जुनं डिस्चार्ज कार्ड आहे का? बलून किती मिमीचा, बघा. पूर्वी झडपेच्या कडीच्या १.४ पटीपर्यंत घ्यायचे, लीक जास्त होतं म्हणून आता साधारण १.२ पट घेतात.

---

धागाकर्ती: कार्ड सापडलं, रेशनकार्डाच्या पिशवीत! शाई उडालीय, पण वाचता येतंय: कडी १० मिमी, बलून १४ मिमी. उत्तर मिळालं म्हणायचं. लेकीला दाखवलं तर म्हणाली, "मग एमआरआयची तारीख घे, सिलेक्शन २२ ला आहे."

आम्ही सांगलीचे. कार्डियाक एमआरआय कोल्हापुरात होतो का, की पुणंच गाठावं लागेल?