पाळी लांबली आहे, किटवर उशिरा पुसट रेघ दिसली. टेस्ट पुन्हा कधी करू? मदत हवी आहे

नदीकाठ :

नमस्कार. वय २९. मला पीसीओडी आहे, पाळी कधी ३५ दिवसांनी येते, कधी पन्नाशी गाठते. किटच्या पाकिटावर लिहिलंय, 'पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवसापासून तपासा'. ज्यांची पाळी ठरल्या तारखेला येते त्यांना हे सोपं आहे. माझी चुकली की नुसती लांबली, हे मी कशावरून ठरवायचं?

काल सकाळी उठल्या उठल्या टेस्ट केली. मेडिकलमध्ये मिळतं ते साधं किट, ड्रॉपरने तीन थेंब 'एस' लिहिलेल्या खाचेत टाकले. पाच मिनिटांनी 'सी'समोर ठसठशीत गुलाबी रेघ होती, 'टी'समोर काहीच नाही. संध्याकाळी कचरा बाहेर ठेवताना नवऱ्याने तीच पट्टी उजेडात धरली, तर 'टी'पाशी राखाडीसर, दोऱ्याएवढी बारीक रेघ! तेव्हापासून दोघांचं कशात लक्ष नाही.

घाई यासाठी की डॉक्टरांनी पाळी येण्याच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, 'टेस्ट निगेटिव्ह असेल तरच सुरू करा' असं बजावून. त्या बाहेरगावी गेल्या आहेत, फोन लागत नाही. आम्हाला बाळ हवं आहे, म्हणून गोळी घ्यायला हात धजत नाही. मेटफॉर्मिन आणि थायरॉईडची गोळी रोज चालू आहे, त्यांनी निकाल बदलतो का? घरात अजून कुणाला काही बोललेलो नाही. कृपया नीट माहिती असणाऱ्यांनी सांगा.

कर्दळ :

ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे. संध्याकाळची ती रेघ धरू नका. लघवी सुकली की पट्टीवर असा रंगहीन ओरखडा उमटतो. खरी रेघ कितीही फिकट असली तरी तिला गुलाबी झाक असते, ती 'सी'च्या रेघेइतकीच रुंद असते आणि पाकिटावर दिलेल्या वेळेतच दिसते. दहा मिनिटांनंतर पट्टी बघायचीच नाही.

पण सकाळचा निकाल 'नाही' होता म्हणून दिवस गेलेले नाहीत, असंही म्हणता येत नाही. किट शोधतं ते एचसीजी हे संप्रेरक. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की मगच ते रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं. बीज सुटल्यापासून रुजेपर्यंत ६ ते १२ दिवस जातात. त्यानंतर सुरुवातीला एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी साधारण दुप्पट होतं. आपल्याकडची बरीचशी किट लघवीत मिलिलिटरला २५ मिलि-युनिटच्या आसपास पोचलं की रेघ दाखवतात. पट्टीत रंगीत सोन्याचे सूक्ष्म कण लावलेली प्रतिपिंडं असतात. ती एचसीजीला चिकटून पुढे सरकतात आणि 'टी'पाशी अडकतात. 'सी'ची रेघ फक्त पट्टी नीट चालली एवढंच सांगते.

पीसीओडीत बीज कधी सुटेल याचा नेम नसतो. तुमचं उशिरा सुटलं असेल तर काल टेस्ट करणं लवकरच झालं. म्हणून पाळीची तारीख सोडा आणि संबंधांपासून मोजा. शेवटच्या संबंधानंतर २१ दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीने केलेली टेस्ट बहुतांशी खरी असते. रात्री भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ करू नका.

रानवारा :

मेटफॉर्मिन, थायरॉईडची गोळी, पॅरासिटामॉल यांनी काही फरक पडत नाही. फरक पडतो तो बीज फुटण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एचसीजीच्या इंजेक्शनाने. ते घेतलं असेल तर पुढचे १० ते १४ दिवस खोटी 'हो' येऊ शकते. आणि बीज कधी सुटतं ते दाखवणाऱ्या किटवर पीसीओडीत फार विसंबू नका. एलएच, म्हणजे ते किट शोधतं ते बीज सुटायला लावणारं संप्रेरक, आधीच वाढलेलं असलं की ते किट भलत्याच दिवशी रेघ दाखवतं.

कर्दळ :

हे राहिलंच होतं. एका बाजूला ओटीपोटात जोरात दुखलं, चक्कर आली, खांद्याच्या टोकाशी दुखू लागलं किंवा रक्तस्राव झाला, तर किटवर काहीही असो, थेट रुग्णालयात जा. गर्भ नळीत रुजला असेल तर थांबायला वेळ नसतो.

नदीकाठ :

खूप आभार. इंजेक्शन घेतलेलं नाही. दुखतही नाही, फक्त छाती जड वाटते, पण ती पाळीच्या आधीही वाटते. २१ दिवस थांबायचं म्हणजे आणखी आठवडाभर. तोवर गोळ्या तशाच ठेवू ना?

कर्दळ :

हो, ठेवा. आठवडा धीर धरवत नसेल तर रक्ताची बीटा एचसीजी करून घ्या. किटपेक्षा बरंच कमी प्रमाण तिच्यात कळतं आणि आकडा मिळतो. आकडा काठावरचा आला तर ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करायची, म्हणजे वाढतोय का ते समजतं. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, त्या आल्या नसतील तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. त्यांनी सांगितलं की मगच गोळी. दरम्यान फॉलिक ॲसिड चालू नसेल तर त्याबद्दलही विचारा. बाळ हवं आहे म्हणता, तर ते दिवस जाण्याआधीपासूनच घ्यायचं असतं.

नदीकाठ :

फॉलिक ॲसिड चालू आहे. रक्ताला उपाशीपोटी जावं लागतं का?

कर्दळ :

नाही. नाश्ता करून कधीही जा. फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख मात्र लिहा.