विषय: बँकेने जप्त केलेलं घर आणि ५९४ चा स्कोअर

सप्रेम नमस्कार मंडळी,

ओहायोत कोलंबसजवळ बँकेने जप्त केलेलं एक घर आम्हाला पसंत पडलंय. ह्यांची नोकरी गेली तेव्हा क्रेडिट कार्डांचे हप्ते थकले, क्रेडिट स्कोअर ५९४ वर आलाय. एजंट म्हणतो, एफएचएचं (सरकारी विम्याचं) गृहकर्ज होईल, साडेतीन टक्केच डाउन पेमेंट. खरं का हे? आम्ही दोघंही एच-वन-बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहोत.

---

ताई, नमस्कार.

स्कोअरचं एजंट बरोबर सांगतोय. एफएचएत स्कोअर ५८० किंवा वर असेल तर डाउन पेमेंट साडेतीन टक्के, ५०० ते ५७९ असेल तर १० टक्के. घोडं अडतंय ते तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी. २५ मे २०२५ पासून एफएचए कर्ज फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना (आणि आणखी एकदोन छोट्या गटांना) मिळतं. एच-वन-बी बाद. एजंटला हे ठाऊक नसेल तर त्याला सांगा. ठाऊक असून बोलला नसेल तर दुसरा बघा.

उरलं कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी विमा नसलेलं नेहमीचं कर्ज. बँकांकडून अशी कर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे, फ्रेडी मॅक या संस्थांना व्हिसा चालतो, पण बँका बहुधा ६२० किंवा वरचा स्कोअर मागतात. कार्डांवरची बाकी मर्यादेच्या ३० टक्क्यांखाली आणा, अजून खाली गेली तर उत्तमच. तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे (स्कोअरची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांचे) रिपोर्ट फुकट मिळतात, ते काढून नीट वाचा. भरलेला हप्ता थकीत दाखवलेला असतो कधीकधी. कमी स्कोअरवर कर्ज देणारे खासगी सावकारही आहेत, पण व्याज बघून मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

— डब्लिनहून (आपल्या ओहायोच्या!)

---

वरच्या काकांशी सहमत. फक्त घरही तपासा. अशी घरं आहे त्या स्थितीत विकतात, दुरुस्तीचं बँकेशी बोलणंच नको. हिवाळ्यात बंद घराचे पाइप फुटलेले असतात. पाणी सुरू करून घेतल्याशिवाय इन्स्पेक्शन करू नका. हीटिंग चालत नसेल किंवा स्वयंपाकघरच उचकटून नेलं असेल तर साधं कर्ज अडतं. मग खरेदी आणि दुरुस्ती एकत्र धरणारं फॅनी मेचं होमस्टाइल कर्ज विचारा. टायटल कंपनीकडून (ती मालकी हक्काची कागदपत्रं तपासते) थकलेला कर आणि जुने बोजे तपासून घ्या, मालकाची टायटल पॉलिसीही (मालकी हक्काचा विमा) काढा. आणि करारात कर्ज मंजुरीची अट असल्याशिवाय बयाणा देऊ नका.

---

दोघांचेही आभार. बयाण्याचा चेक उद्या द्यायचा होता, थांबवलाय. एजंटला मे महिन्याच्या नियमाबद्दल विचारलं. "चेक करून सांगतो" म्हणाला.