तिकिटाच्या पाठीवर मावेल अशी सर्वांत मोठी संख्या कोणती? (चहाचं बिल अडकलंय)

निपाणीचा_दिवाणजी

नमस्कार मंडळी. प्रश्न पोरकट वाटेल, खरं आमच्या गाडीत यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथं टाकतोय.

मी राहतो निपाणीत, नोकरी बेळगावात. रविवार पेठेत अडत दुकानात रोजकीर्द-खतावणी बघतो. सकाळच्या गाडीला आमची टोळी ठरलेली: बँकेतले काका, चिकोडीकडचे एक निवृत्त गुरुजी (श्रावक, म्हणजे जैन आहेत, हे पुढं कामाला येईल), इंजिनिअरिंगचं एक पोरगं आणि मी. राजकारणावर बोलून बोलून भांडणं व्हायला लागली तेव्हा हा खेळ काढला. संकेश्वर सुटलं की प्रत्येकानं आपल्या तिकिटाच्या पाठीमागं एक संख्या लिहायची, लपवून. हत्तरगीच्या टोलनाक्यावर तिकिटं उघडायची. ज्याची संख्या सगळ्यांत लहान त्यानं बेळगावच्या सीबीटी स्टँडवर चहा पाजायचा. 'अनंत' चालत नाही. कंडक्टर पंच.

सुरुवातीला सगळे नुसते नऊ लिहीत होते. मशीनचं तिकीट ते केवढं, त्यात गाडीचे धक्के. मग काकांनी बारीक निबाचं पेन आणलं. पुढं त्यांच्याच ध्यानात आलं की इंग्रजी अंकात नवाला पोट असतं, एक म्हणजे नुसती उभी रेघ. दोन नवांच्या जागेत तीन एक बसतात, आणि ९९ पेक्षा १११ मोठे. त्या दिवसापासून काकांचं तिकीट म्हणजे बारकोड. मी मग घात लिहायला लागलो आणि बारकोड बंद पडला.

शनिवारचा निकाल असा:

मी: परार्धाचा परार्धावा घात.
गुरुजी: शीर्षप्रहेलिका. (एवढा एकच शब्द.)
काका: ९, त्याच्या खांद्यावर ९, त्याच्या खांद्यावर ९, असे पाच नऊ, वरचा तर मुंगीएवढा.
पोरगं: "या तिकिटावर लिहिता येणाऱ्या सगळ्या संख्यांपेक्षा एकाने मोठी संख्या."

कंडक्टर म्हणाला पोरगं जिंकलं. काका म्हणतात हा शुद्ध चावटपणा आहे, संख्या कुठाय यात? गुरुजी नुसतेच हसूलालेत. मला सांगा, हे वाक्य धरायचं का? नसेल धरायचं तर आमच्या तिघांत चहा कुणावर? आणि सोमवारी मी काय लिहू?

कॅम्पातला_बाब्या

आमच्याकडं हिशोब सोपा आहे. पेटी म्हणजे लाख, खोकं म्हणजे कोटी. त्याच्या पुढं पोलीस.

खानापूरचे_मास्तर

दिवाणजी, आधी चहा. गणित सरळ आहे, गुरुजींवर पडतो.

शीर्षप्रहेलिका म्हणजे ८४ लाखांचा २८ वा घात. जैन आगमांत कालगणनेसाठी ८४ लाखांनी गुणत गुणत एकेक नाव देत नेलंय, त्या माळेतलं हे शेवटचं. लिहिली तर १९४ अंक होतात, त्यातली शेवटची १४० शून्ये. 'गूगोल' म्हणून ज्याचं कौतुक चालतं तो म्हणजे एकावर १०० शून्ये, म्हणजे गुरुजींचा शब्द त्याला केव्हाच मागं टाकतो. पण तुमच्या गाडीत तो पुरत नाही. काकांनी तीनच नऊ रचले असते तरी ३६ कोटी ९६ लाख ९३ हजार १०० अंकी संख्या झाली असती. तुमचा परार्ध लीलावतीतला धरला, एकावर १७ शून्ये, तर तुमची संख्या सतरा परार्ध आणि एक इतक्या अंकांची. म्हणजे काकांच्या तीन नवांवर तुम्ही भारी, पण चौथा नऊ चढला की तुमचा निकाल लागला, आणि त्यांनी पाच चढवलेत.

परार्ध लिहिताना मात्र कुणाचा ते लिहीत जा. भास्कराचार्यांनी ११५० साली एकापासून परार्धापर्यंत १८ स्थानं दिली आणि वर स्पष्ट सांगून टाकलं, "व्यवहारार्थं कृताः पूर्वैः", पूर्वजांनी व्यवहारासाठी केलेली नावं आहेत ही. (भास्कराचार्य विजापूरचे की चाळीसगावकडचे हा वाद इथं कुणी काढू नये. आपल्याला एक सीमाप्रश्न पुरे आहे.) त्यांच्याआधी तीनेकशे वर्षं आपल्याच कर्नाटकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य होऊन गेले. त्यांच्या गणितसारसंग्रहात २४ स्थानं आहेत, शेवटचं महाक्षोभ, एकावर २३ शून्ये. आणि गंमत म्हणजे नावं तीच, मापं वेगळी. भास्कराचार्यांचा महापद्म एकावर १२ शून्यांचा, महावीराचार्यांचा १५. एकाच शब्दात हजारपटीचा फरक! रोजकीर्दीत असं झालं तर मालक काय करेल ते तुम्हाला ठाऊक.

आता पोरगं. त्याचं वाक्य धरायचं नाही, पण काका म्हणतात त्या कारणासाठी नव्हे. तिकिटावर समजा शंभर अक्षरं मावतात. अक्षरं ठरावीक, जागा ठरावीक, म्हणजे लिहिता येणारी वाक्यं कितीही म्हटली तरी मर्यादितच. त्यातली काहीच एखादी संख्या सांगतात. म्हणजे त्यांत एक सर्वांत मोठी असणारच, आणि तिच्यापेक्षा एकाने मोठीही असणारच. इथपर्यंत पोराचं बिनतोड आहे. पण ती 'एकाने मोठी' संख्या तिकिटावर लिहिता येत नाही असं वाक्य म्हणतं, आणि ते वाक्यच तिकिटावर लिहिलेलं आहे! ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात बेरी म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी याच जातीचं कोडं बर्ट्रंड रसेलना सांगितलं होतं. बेरींचं वाक्य सर्वांत लहान संख्येबद्दल होतं, पोरानं ते उलटं केलंय इतकंच.

यावर उपाय आहे. 'लिहिता येणाऱ्या' म्हणजे कशानं लिहिता येणाऱ्या, ते आधी बांधून टाकायचं. "या तिकिटावर फक्त अंक, अधिक, गुणिले आणि घात एवढ्यांनी लिहिता येणाऱ्या सगळ्या संख्यांपेक्षा एकाने मोठी" असं लिहिलं की काकांचे नऊ, तुमचा परार्ध सगळे खाली आणि भांडणाला जागा नाही, कारण हे वाक्य स्वतः त्या खुणांनी लिहिलेलं नाही. २००७ साली अमेरिकेत एमआयटीत ऍडम एल्गा आणि अगुस्तिन रायो या दोन तत्त्वज्ञांचा फळ्यावर तुमच्यासारखाच सामना झाला. सुरुवात तुमच्यासारखीच, एक आणि पुढं एकच एक. शेवटी रायो जिंकले ते याच युक्तीवर, फक्त त्यांनी अधिक-गुणिले ऐवजी संचशास्त्राची भाषा घेतली आणि तिकीट गूगोलभर खुणा मावतील एवढं लांब धरलं.

गूगोल हे नाव एडवर्ड कास्नर या गणितज्ञाच्या नऊ वर्षांच्या भाच्याचं. त्या पोरानं पुढं गूगोलप्लेक्स काढला. त्याची पहिली व्याख्या होती, एक लिहायचा आणि हात दुखेपर्यंत शून्यं काढत बसायचं. कास्नरनी ती नाकारली. दमायची वेळ प्रत्येकाची वेगळी, मग पैलवान माणूस आइन्स्टाइनपेक्षा मोठा गणिती ठरेल. शेवटी एकावर गूगोलभर शून्ये असं ठरलं. तुमचे बारकोडवाले काका मला त्या पैलवानाच्या घरातले वाटतात.

अथणीची_सून

मास्तर, गुरुजी का हसूलालते ते मी सांगते. त्यांनी मुद्दाम लहान शब्द लिहिला असणार. शीर्षप्रहेलिका नावं देण्याची हद्द आहे, मोजण्याची नव्हे. पुढं मोहरीचे दाणे सुरू होतात. आमच्याकडं चातुर्मासात महाराजांनी हे समजावलं तेव्हा अर्धी मंडळी पेंगत होती, मी मात्र वहीत लिहून घेतलं.

जंबूद्वीपाएवढा एक गोल खड्डा घ्या, एक लाख योजन रुंद, एक हजार योजन खोल. हा अनवस्था कुंड. तो मोहरीनं शिगोशीग भरायचा. तसेच आणखी तीन रिकामे: शलाका, प्रतिशलाका, महाशलाका. जंबूद्वीपाभोवती समुद्र, त्याभोवती द्वीप, परत समुद्र, अशी वलयं, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट रुंद. आता पहिल्या कुंडातली मोहरी घ्यायची आणि एकेका द्वीपावर, एकेका समुद्रात एकेक दाणा टाकत जायचं. सगळे दाणे संपले की शलाका कुंडात फक्त एक दाणा. मग जिथं शेवटचा दाणा पडला तिथवरच्या रुंदीचा नवा अनवस्था कुंड करायचा, खोली तीच, परत भरायचा, पुढच्या वलयापासून परत टाकत जायचं. संपलं की शलाकेत दुसरा दाणा. शलाका असा भरला की प्रतिशलाकेत एक, शलाका रिकामा, आणि तो परत एकेका दाण्यानं भरायचा. प्रतिशलाका भरला की महाशलाकेत एक. महाशलाका भरेल तेव्हा शेवटच्या अनवस्था कुंडात जितके दाणे असतील त्यातला एक कमी केला की उत्कृष्ट संख्यात. मोजता येणाऱ्यातली सर्वांत मोठी. त्यात तो एक परत टाकला की असंख्यात सुरू, आणि अनंत त्याच्याही पलीकडं.

दिवाणजी, तिकिटावर "उत्कृष्ट संख्यात" एवढं मावतंय की.

तेच_पोरगं

मीच तो चावट. मास्तर, निकाल मान्य, सोमवारपासून खुणा बांधून लिहितो.

पण वहिनींचं वाचून झोप उडाली, कारण हे नुथचे बाण आहेत! संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथनी मोठ्या संख्या थोडक्यात लिहायला १९७६ मध्ये ही खूण आणली. ३↑३ म्हणजे साधा घात, २७. ३↑↑३ म्हणजे ३ वर ३ वर ३, ती येते ७,६२,५५९ कोटी ७४ लाख ८४ हजार ९८७. घाबरू नका, कर्नाटकाचं २०२५-२६ चं बजेटच चार लाख कोटींच्या वर होतं, म्हणजे दोन वर्षांत खर्च होईल एवढीच आहे. तिसरा बाण लावला की मात्र संपलं. ३↑↑↑३ म्हणजे तिनावर तीन असा मनोरा, आणि त्याला मजले ७,६२,५५९ कोटींच्या वर.

आता मोहरी बघा. कुंडात न दाणे असतील तर रुंदी न वेळा दुप्पट होते, खोली तीच, म्हणजे नव्या कुंडाचं आकारमान निदान ४ च्या न व्या घाताच्या पटीत वाढतं. प्रत्येक फेरीत मनोऱ्याला एक मजला चढला म्हणायचा, तोही तिनाचा नव्हे, चाराचा. फेऱ्या किती? शलाकेत मावतील तितके दाणे. शलाकेचं आकारमान आजच्या सूत्रानं काढलं तर ७,८५,३९८ कोटी घनयोजन. म्हणजे एकेक मोहरी अख्ख्या घनयोजनाची धरली (!) तरी शलाका एकदा भरेपर्यंतच ३↑↑↑३ मागं पडला. खऱ्या मोहरीचं आणि पुढच्या दोन कुंडांचं तर विचारूच नका. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा बघितलं, आकडे इतके जवळ कसे आले कुणास ठाऊक.

तरीपण सोमवारी मी जिंकणार. तिन्ही कुंडं भरली तरी ३↑↑↑४ ला मोहरी पोचत नाही, कारण त्या मनोऱ्याचे मजलेच मुळी ३↑↑↑३ आहेत. आणि मी लिहिणार ३↑↑↑↑३. सहा खुणा, अर्धं तिकीट कोरं. ग्रॅहमची संख्या तर इथून सुरू होते: हिला पहिली म्हणायचं, दुसरीत दोन तिनांच्या मधे पहिलीइतके बाण, तिसरीत दुसरीइतके, असं करत ६४ वी. गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांची ही संख्या १९७७ मध्ये मार्टिन गार्डनरनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात लिहून लोकांपुढं आणली, १९८० मध्ये गिनीज बुकात गेली.

निपाणीचा_दिवाणजी

शाब्बास. आता पत्ते उघडेच केलेस तर मी "ग्रॅहमची संख्या" लिहीन की, तुझी पहिली तर माझी चौसष्टावी. कंडक्टरला बाण पटवायचं काम मात्र तुझं, त्याला ते गाडी फिरवायच्या खुणा वाटतील.

खानापूरचे_मास्तर

पटवायला एक सोपी गोष्ट देतो. ही संख्या लिहायला विश्वातले अणू पुरणार नाहीत, पण तिचा शेवटचा अंक सातवीचं पोरगं काढू शकतं. तिनाचे घात घ्या: ३, ९, २७, ८१, २४३. शेवटचे अंक ३, ९, ७, १ आणि परत ३. दर चार घातांनी तेच चक्र. म्हणजे घाताला चारानं भागून बाकी किती एवढंच बघायचं. इथं घात स्वतःच तिनाचा विषम घात आहे, आणि तशा संख्येला चारानं भागलं की बाकी नेहमी तीनच राहते (३, २७, २४३, करून बघा). बाकी तीन म्हणजे चक्रातला तिसरा अंक, ७. ग्रॅहमची संख्या ७ नं संपते, पोराची ३↑↑↑↑३ पण. याच रीतीनं थोडं जास्त कष्ट घेतले तर शेवटचे दहा अंकही निघतात, २४६४१९५३८७. पहिला अंक मात्र आजवर कुणी काढू शकलेलं नाही.

कॅम्पातला_बाब्या

म्हणजे मटक्याच्या भाषेत क्लोज सत्ता पक्का, ओपन कुणालाच ठाऊक नाही. मास्तर, असल्या टिपेवर आमच्या गल्लीत दोघं देशोधडीला लागलेत.