१९९८ ची जिप्सी किंग: स्टिअरिंग ढिलं, खड्ड्यानंतर पुढची चाकं थरथरतात. स्टिअरिंग बॉक्स बदलू का?

मुलुंडची_जिप्सी
नमस्कार मंडळी. गाडी १९९८ ची जिप्सी किंग, पॉवर स्टिअरिंग नाही. चाकं सरळ असताना स्टिअरिंग दोन्हीकडे तीन-तीन बोटं मोकळं फिरतं. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर साठच्या पुढे गेलं की गाडी डावी-उजवी भटकते, सारखं सावरत बसावं लागतं. उड्डाणपुलाच्या सांध्यावर चाक आपटलं की पुढचा सगळा भाग थरथरायला लागतो, आणि वेग पार खाली आणेपर्यंत थांबत नाही.

आधीच्या मालकाने २३५/७५ आर १५ टायर आणि पुढे लांब शॅकल (स्प्रिंगचे पाटे चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकलेत. गॅरेजवाल्याने स्टिअरिंग बॉक्सवरचा (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी दात्यांची पेटी) स्क्रू आवळून दिला. प्ले, म्हणजे मोकळं फिरणं, थोडा कमी झाला, पण आता वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही. अलाइनमेंटवाला म्हणतो सगळं ठीक आहे. गॅरेजवाला म्हणतो बॉक्स बदला. गणपतीला घरच्यांना घेऊन कोकणात जायचंय, म्हणून विचारतोय.

कळवा_४बाय४
कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना बॉक्स मिळून जाईल. पण आधी स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉक) नवा टाका. माझी थरथर त्यानेच गेली.

लालबागचे_काका
दादा, बॉक्स बदलू नका, आणि तो स्क्रू होता तिथे परत सैल करून घ्या. ह्या बॉक्समध्ये दाते मधोमध घट्ट बसतात आणि बाजूंना थोडी सैल जागा मुद्दाम ठेवलेली असते. गाडी जास्त सरळच चालते, त्यामुळे झीज होते ती मध्ये. मधला ढिलेपणा काढायला स्क्रू पिळला की बाजूला वळल्यावर दाते जाम होतात. तुमचं स्टिअरिंग परत येत नाही ते बहुतेक ह्याचमुळे. घाटात असं स्टिअरिंग फार वाईट.

आता रविवारी एवढं करा. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर, इंजिन बंद. कोणाला तरी आत बसवून स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवी हलवायला सांगा, मोकळं आहे त्याच्या जरासं पुढेपर्यंत. तुम्ही टॉर्च घेऊन खाली जा आणि एकेका सांध्यावर हात ठेवत या. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना लागतं. वरून सुरुवात करा: दांड्यावरचा रबरी जॉइंट, मग बॉक्समध्ये शिरणारा दांडा आणि त्यातून बाहेर आलेला हात म्हणजे ड्रॉप आर्म, मग तिथून चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, शेवटी दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडची. एक बाजू हलली आणि दुसरी जरा थांबून मग हलली, की प्ले तिथेच आहे. अलाइनमेंटच्या मशिनवर हे कळत नाही, तिथे चाकांचा कोन दिसतो, सांध्यांची झीज नाही.

त्याच वेळी बॉक्स चेसिसवर हलतोय का तेही बघा. आपल्या खाऱ्या हवेत ह्या वयाचं चेसिस बोल्टांजवळ गंजून तडकलेलं असू शकतं. तसं सापडलं तर गाडी जागची हलवू नका, वेल्डरला घरी बोलवा.

थरथर हे वेगळं दुखणं आहे, आणि माझा पहिला संशय किंगपिनच्या (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) बेअरिंगवर. हिंदमाता, मिलन सबवे अशा ठिकाणी तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि नकलचं (एक्सलच्या टोकाचा, चाकाबरोबर वळणारा भाग) सील फाटकं असलं, की पाणी आत जातं, ग्रीस दुधाळ होतं आणि बेअरिंग गंजतं. पुढचं चाक जॅकवर उचला, एक्सलखाली स्टँड लावा, चाक वर आणि खाली धरून हलवा. हललं तर आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. हलणं थांबलं तर हबचं, म्हणजे चाकाच्या मधलं, बेअरिंग, तरीही हलत राहिलं तर किंगपिन. डॅम्पर थरथर झाकतो, मूळ कारण तसंच राहतं. कळवेकर, तुमच्याही गाडीचे किंगपिन एकदा बघून घ्या, मनापासून सांगतोय.

राहिले शॅकल. पुढे लांब शॅकल टाकले की एक्सल फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. कॅस्टर कमी म्हणजे सरळ जायची ओढ कमी, गाडी भटकणार. माझं मत विचाराल तर मूळ मापाचे शॅकल परत बसवा. उंची ठेवायचीच असेल तर पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये कॅस्टरची लोखंडी पाचर टाकून घ्या.

मुलुंडची_जिप्सी
काका, खूप आभार. भावाला आत बसवून सगळं पाहिलं. ड्रॅग लिंकचं एक टोक चांगलंच खेळतंय. डावं चाक ब्रेक दाबूनही हलतं, आणि सीलमधून तांबूस पाणी आलं. चेसिस शाबूत आहे. स्क्रू सैल केल्यावर स्टिअरिंग परत यायला लागलं. किंगपिनला नुसता शिम (जाडी जुळवायची पातळ चकती) काढून घट्ट करता येईल का?

लालबागचे_काका
गंजलेलं बेअरिंग शिम काढून घट्ट केलं तर लवकरच दाणेदार चालेल. वर-खाली दोन्ही बेअरिंगं कपासकट बदला, सील नवं, आणि उजवी बाजूही उघडा, ती त्याच पाण्यातून गेली आहे. मग शिम लावा, वर आणि खाली सारखे. टाय रॉड सुटा असताना नकल हाताने ढकलली की जड, पण कुठे न अडकता फिरली पाहिजे. मिस्त्रीला हे तुमच्यासमोर करायला सांगा.

ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं एकदमच बदला. नट आवळल्यावर कॉटर पिनचं (नट सुटू नये म्हणून घालायची पिन) भोक जुळत नसेल तर अजून थोडा आवळून जुळवायचा, मागे सैल करायचा नाही. पिन नवीनच. हे सगळं झाल्यावर शेवटी अलाइनमेंट, आणि स्टिअरिंगच्या कडेवर थोडा प्ले राहिला तर घाबरू नका. कंपनीच्याच हिशेबात तो ३० मिमीपर्यंत चालतो.

कोकणात निघायच्या आठवडाभर आधी काम संपवा. जरा चालवून झाली की सगळे नट पुन्हा तपासा आणि चाक परत उचलून हलवून बघा, नवी बेअरिंगं बसताना थोडी ढिली होतात.