लंडनमधे सायकलच्या इन्शुरन्ससाठी कुठलं लॉक घ्यावं?

ठाणेकर_लंडनात: मंडळी, नवीन सायकल घेतोय, साधारण 1200 पौंडांची, थेफ्ट कव्हर पण काढायचंय तर पॉलिसीत लिहिलंय की लॉक 'सोल्ड सिक्युअर' अप्रूव्ह्डच हवं. म्हणजे नक्की काय? ॲमेझॉनवरचं जाड चेनवालं चालेल का?

चाकोरी: नुसतं जाड असून उपयोग नाही रे. सोल्ड सिक्युअर ही लॉक टेस्ट करणारी संस्था आहे, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि सगळ्यात वर डायमंड असे ग्रेड देतात. बऱ्याच कंपन्या सायकलच्या किमतीप्रमाणे ग्रेड मागतात, त्यामुळे तुझ्या पॉलिसीत कुठला लिहिलाय ते आधी बघ, आणि लॉकचं मॉडेल सोल्ड सिक्युअरच्या साइटवर शोध, कारण एकाच ब्रँडची दिसायला सेम लॉकं वेगवेगळ्या ग्रेडची असतात.

मुळामुठा: +1. माझं मत विचारशील तर सरळ डायमंड घे. हल्ली चोर बॅटरीवरचा ग्राइंडर (धातू कापायचं मशीन) घेऊन येतात, साधं डी-लॉक (डी आकाराचं लॉक) बघता बघता कापतात. हिपलॉक डी1000 किंवा लाइटलॉक एक्स1 खास ग्राइंडरला दाद देऊ नये म्हणूनच बनवलीत, महाग आहेत पण तुझी सायकलही स्वस्त नाहीये!

चाकोरी: आणि हो, लॉक फ्रेममधून घालून पक्क्या स्टँडला लाव, नुसत्या चाकाला लावलं तर क्लेम अडकू शकतो. लॉकची पावती जपून ठेव, क्लेमच्या वेळी मागतात. फ्रेम नंबर बाइकरजिस्टर या सायकल नोंदवायच्या साइटवर टाक, पोलिस तिथे चेक करतात.

ठाणेकर_लंडनात: मस्त, थँक्यू दोघांना! आज पॉलिसी नीट वाचतो मग लॉक ऑर्डर करतो.