वणीच्या पोराचं कार्ड: ५०७० सुपरची वाट पाहायची का?

मंगेश
वणीच्या पोराच्या कॉम्प्युटरले गेमसाठी नवं ग्राफिक्स कार्ड पाठवायचं आहे. अर्चनाताई १२ तारखेला भारतात निघून राहिल्या, बॅगेत एकाच डब्याची जागा आहे. पोराचं मशीन: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय, सध्याचं कार्ड जीटीएक्स १६५०. एएमडीचं ९०६० एक्सटी १६ जीबी घेऊन टाकू, का एनव्हिडियाच्या ५०७० सुपरसाठी थांबू, ज्याच्या अजून अफवाच आहेत? त्याच्यात मेमरी १८ जीबी येणार म्हणून सगळे १८ जीबी, १८ जीबी करून राहिले. आज-उद्यात सांगा राजेहो, मागवायला वेळ लागते.

प्रशांत
१८ चा आकडा हवेतला नाही. आजच्या ५०७० ची मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरीमधला रस्ता, १९२ बिटची आणि एका चिपेला ३२ बिट लागतात, म्हणजे सहा चिपा. आज त्या २ जीबीच्या आहेत म्हणून १२. ३ जीबीच्या बसवल्या की १८. ३ जीबीची जीडीडीआर७ (कार्डावरच्या मेमरीचा नवा प्रकार) चिप बाजारात आहेच, लॅपटॉपच्या ५०९० चे २४ जीबी अशाच आठ चिपांचे.

गोम पुढे आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स प्रो ६००० या महागड्या व्यावसायिक कार्डावर ९६ जीबी असतात, म्हणजे याच चिपा ३२. तेवढ्यात पाच ५०७० सुपर निघतील, आणि पाचांची मिळून किंमत त्या एकाच्या जवळपासही जाणार नाही. मेमरीचे भाव चढत असताना कंपनी चिप आधी कुठे लावणार? आधीच्या ४० मालिकेचे तिन्ही सुपर जानेवारी २०२४ मध्ये आले, म्हणून यंदाही जानेवारी, असा हिशेब लोक करताहेत. त्याला कॅलेंडरापलीकडे आधार नाही.

एएमडीचं उत्तर मेमरीतून येईल असं वाटत नाही. त्यांचं ९०७० एक्सटी जुन्या जीडीडीआर६ वर आहे, २५६ बिट, आठ चिपा, १६ जीबी. त्यापुढची पायरी म्हणजे बोर्डाच्या दोन्ही बाजूंना चिपा लावून ३२, आणि तसं कार्ड ते एआयवाल्यांना विकतातच. सुपर आलंच तर एएमडी भाव पाडेल. मंगेशच्या कामाचा अंदाज एवढाच.

सुनील
अफवा सोडा. एनव्हिडियाचं ५०६० टीआय १६ जीबी आजच मिळतं, १८० वॉट, डीएलएसएस (लहान चित्र एआयने मोठं करून गेम वेगाने चालवणं) चांगलं. ते न्या.

प्रशांत
बी४५० वर नको. ५०६० टीआयला बोर्डाशी बोलायला आठच लेन आहेत. बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी. ९०६० एक्सटीला सोळा लेन, त्याच बोर्डावर दुप्पट. १६ जीबीत सगळं मावतं तोवर फरक थोडा. ८ जीबीचं कार्ड मात्र दोन्ही कंपन्यांचं टाळा: मेमरी भरली की टेक्स्चर रॅममधून ओढावी लागतात आणि गेम अडखळतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) ठीक दिसतात, खेळणाऱ्यालाच कळतं.

सुनील
डीएलएसएसला एएमडीचं उत्तर एफएसआर ४, ते किती गेममध्ये आहे ते पण सांगा मग.

नाना
तुम्ही चिपा मोजून राहिले, पण तिथं लाइन कशी आहे ते कोणी विचारलं काय? रब्बीचं ओलित सुरू आहे. गावठाण अन् शेती एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) असली का पंप सुरू झाल्याबरोबर २३० व्होल्टचे १७०-१८० होते. मंगेश, पोराले सप्लायचं स्टिकर वाचायले सांग. इनपुट १००-२४० व्होल्ट असलं तर चालते. २००-२४० असलं तर १६५० वर काही समजणार नाही, ते ७५ वॉटचंच आहे. मोठं कार्ड लावलं का गेम सुरू होताच मशीन बंद पडते, अन् मग लोक ड्रायव्हर बदलत बसतात.

यूपीएस ६०० व्हीएचा असन तर तो ३६० वॉटचाच. ९०६० एक्सटीचे १६०, प्रोसेसरचे ७६, बाकी बोर्ड, पंखे, मॉनिटर, वर सप्लायची गळती, तिथंच भरला. १००० व्हीए पाह्यजे, अन् प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाइनसारखी गोल लहर देणारा. चौकोनी लहरीच्या यूपीएसवर पीएफसीवाला (लाइनमधून करंट सारखा ओढणारा) सप्लाय बॅटरीवर जातानाच झटका खाते. ५०७० त आताच २५० वॉट घेते, सुपर काही कमी घेणार नाही.

अर्थिंगही मोजा. न्यूट्रल अन् अर्थिंगमध्ये ५ व्होल्टच्या वर दिसलं तर खड्ड्यात पाणी टाका, कोळसा-मीठ भरा. कॅबिनेटले हात लावल्यावर झिणझिण्या येत असतीन तर कार्ड डब्यातच राहू द्या.

वैशाली
नानांच्या यादीत कापसाचं जिनिंग राहिलं. हंगामात रुईचं तूस पंख्यातून आत जातं आणि हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडाशी पांढरी चटई धरतं. पंखा फिरताना दिसतो, पण हवा पलीकडे जात नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर तो नको तेवढ्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. हवा पात्यांच्या बाजूने पंख्याकडे मारा, उलट मारली तर तूस आणखी आत दबतं. कॅबिनेट कूलरच्या झोतात नको, खाऱ्या पाण्याचे कण बसतात. मे महिन्यात खोली ४२ वर गेली की २५ अंशांच्या खोलीत घेतलेल्या चाचणीतले कार्डाच्या तापमानाचे आकडे सतराने वाढवून वाचा. कार्डाची पॉवर लिमिट (किती वॉट ओढायचे ती मर्यादा) वीस टक्के खाली आणा, एफपीएस त्या मानाने फार कमी होत नाहीत.

मंगेश
फोटो आला. स्टिकरवर २००-२४० आहे.

नाना
मग आधी सप्लाय. तो नागपुरात घेऊ दे, वॉरंटी तिथंच चालन.

सुनील
एफएसआरचं राहिलंच.

अर्चना
बॅगेचं मी ठरवते, हे आधीच बोललो आहोत. सप्लाय मी नेणार नाही, वजन होतं. कार्ड हातातल्या बॅगेत, अँटिस्टॅटिक पिशवीसकट. बिल माझ्या नावावर हवं. कस्टममध्ये लॅपटॉपची सूट सुट्या कार्डाला नसते, ते बाकी सामानाच्या मर्यादेत धरतात. इथल्या कार्डाची वॉरंटी बहुधा तिकडे चालत नाही, हे पोराला आधीच सांग, नंतर मला फोन नको. मंगेश, ९०६० एक्सटीच असेल तर दोन पंख्यांचं घे, तीन पंख्यांचा डबा माझ्या बॅगेत आडवा बसत नाही. गुरुवारपर्यंत घरी आणून दे.